काका, लाल-पांढऱ्या पिना नेमक्या कुठे लावल्यात?

नमस्कार काका. (प्रतिक्रियेखाली नावाऐवजी तुम्ही ‘आकाशवाणीवर वाढलेला श्रोता’ एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. चुकलं असेल तर सांगा.)

जुन्या स्टिरिओवर फोनमधली गाणी बिनतारी कशी लावायची, हा माझा लेख वाचून तुम्ही बाराशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर आणलात आणि पस्तावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीडीतून सेकंदाला १४११ किलोबिट येतात, ब्लूटूथमधून जेमतेम ३२८, म्हणजे पाऊण गाणं वाटेतच गळतं. आवाज फाटतो, डग्गा नुसता घुमतो, सतार गोधडीखालून वाजल्यासारखी येते. मधेच गाणं तुटतं. आणि ‘वायरीला पर्याय नाही हे ठाऊक असून तुम्ही लोकांना खर्चात पाडता’. शेवटचं वाक्य लागलं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आकडे तुमचे बरोबर आहेत. पण १४११ मधून ३२८ वजा केले की उरलेलं संगीत गेलं, असा तो हिशोब नसतो. ब्लूटूथमध्ये सगळीकडे चालणारी एसबीसी नावाची पद्धत आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाला गरजेपुरतेच बिट देते, आणि त्यातली काटछाट बहुतांशी मोठ्या आवाजाखाली दबून जाते. शिवाय तुम्ही सीडी लावत नव्हतात, स्ट्रीमिंगचं गाणं लावत होतात. ते फोनवर येतानाच बहुतेक वेळा आवळलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असतं. तुमचा खरा आक्षेप असा हवा होता, की एकदा आवळलेलं गाणं ब्लूटूथ पुन्हा सोडवून पुन्हा आवळतं. तो मला मान्य आहे.

आता हे दुसऱ्यांदा आवळणं किती ऐकू येतं? मी आमच्या बाबांवर प्रयोग केला. वय चौऱ्याहत्तर, कान अजून तिखट. त्यांना सिस्टिमकडे पाठ करून बसवलं आणि एकाच ख्यालाची सुरुवात कधी सीडीवरून, कधी फोनवरून लावली. सहा वेळा विचारलं, तीनदा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. पण तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, ‘‘हे खाली काय घूं करतंय? आणि पंचम उतरलाय तंबोऱ्याचा.’’

पंचम उतरला नव्हता. रिसीव्हरला मी ड्रॉवरमधला एक बेनामी मोबाइल चार्जर लावला होता आणि त्याची घरघर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे घरघर ५० आणि तिच्या पटीत, म्हणजे १०० हर्ट्‌झला उमटते. गायक काळी एकचा होता, त्या सुरात तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्‌झला बोलते. शेजारीच १०० चा बेसूर पाहुणा येऊन बसला, तर पंचम उतरलेला वाटणारच. रिसीव्हर चार्जरवरून काढून त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवला आणि घूं गेलं. तुमच्यातही बॅटरी असेल तर हे करून बघा. तसं केल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर गुन्हेगार चार्जर. चांगला चार्जर लावूनही घरघर राहिली तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते, आमच्या पुण्याच्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत. अगदी स्वस्तातली डबी खर्ज किंचित खाते, पण घरघरीपेक्षा ते बरं.

पण काका, तुमची तक्रार घरघरीची नाहीच. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: फाटतो, घुमतो, गोधडीखाली जातो. आवळल्यामुळे बिघडलेला आवाज असा नसतो. तिथे टाळ-झांजा किरकिऱ्या होतात, जवारीची चमक मळते, वरच्या सुरांत पाण्याखालची सळसळ येते. खर्ज सहसा शाबूत राहतो. तुमचं वर्णन मी दोनदा वाचलं आणि मग तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य दिसलं, की अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनचं भोक’ होतंच, त्यात पिना लावल्या.

त्या भोकावर इंग्रजीत ‘फोनो’ लिहिलंय ना?

तुमच्या १९८८ च्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोबाइलची जागा कुठून असणार! ते फोनो म्हणजे फोनोग्राफ, रेकॉर्ड प्लेअरची जागा. रेकॉर्डच्या सुईतून चार-पाच मिलिव्होल्ट एवढासा सिग्नल येतो, म्हणून ती जागा तो प्रचंड वाढवते. तुमचा रिसीव्हर एक व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे दोनशे पटींनी जास्त. फाटणार नाही तर काय होईल? आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि टीप (वरचे सूर) मुद्दाम वाढवून कापलेली असते, नाहीतर खर्जामुळे चर एकमेकांत घुसतील आणि टीप सुईच्या खरखरीत बुडेल. तो तोल परत आणायला फोनोची जागा खर्ज चढवते आणि टीप उतरवते. सरळ गाणं तिथे घातलं की डग्गा घुमतो आणि सतार गोधडीत जाते. अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

तेव्हा टॉर्च घ्या, मागे वाका (जपून, कमरेला सांभाळून) आणि लाल-पांढऱ्या पिना ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप प्ले’ यांपैकी कुठल्याही जोडीत लावा. ‘टेप रेक’ सोडून. पुढचा खटकाही त्याच नावावर फिरवा. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करा. उलट केलंत, फोन बारीक आणि अ‍ॅम्प मोठा, तर मागची सुरसुर वर येते. आणि अ‍ॅपमधली क्वालिटीची सेटिंग एकदा बघा. घरातली मुलं डेटा वाचवायला ती खाली करून ठेवतात. स्पॉटिफायमध्ये ‘लो’ म्हणजे सेकंदाला फक्त २४ किलोबिट. त्यापुढे ब्लूटूथचे ३२८ म्हणजे राजमार्ग.

गाणं तुटतं त्याचा दोष मात्र माझा. ‘रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे सरकवून द्या, दिसणार नाही’ असं मीच लिहिलं होतं. दिसत नाही हे खरं, पण पत्र्याच्या पेटीमागे लपवलेल्या वस्तूला सिग्नल कसा पोचावा? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, त्याला लोखंड आवडत नाही आणि पाणीही नाही, म्हणजे खिशात फोन ठेवून तुम्ही पाठ फिरवलीत तरी तुमचं शरीर आड येतं. त्याच पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्हही असतात. रिसीव्हर वर, उघड्यावर ठेवा, लागली तर लांब कॉर्ड घ्या. लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे.

दुसरी चूक तुम्ही दाखवली नाहीत, मीच कबूल करतो. मी वायफायचा मार्ग दोन ओळींत उरकला होता. त्यात बऱ्याचदा गाणं फोनमधून जातच नाही. फोन नुसता रिमोट होतो आणि स्टिरिओला जोडलेला डबा इंटरनेटवरून गाणं थेट ओढतो. दुसऱ्यांदा आवळणं नाही, आणि फोन घेऊन भाजी आणायला गेलात तरी गाणं चालू. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ यासाठीच २०१५ साली आला होता, छोटा आणि स्वस्त. २०१९ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन बंद झालं, त्याची हळहळ मला अजून आहे. आयफोन असेल तर एअरप्लेवाला (अ‍ॅपलची वायफायवरून गाणं पाठवायची सोय असलेला) डबा बघा, पण त्यात गाणं सहसा फोनमधूनच जातं.

पण आधी पिना बदला. नवीन काहीही विकत घेऊ नका, नाहीतर पुन्हा मी खर्चात पाडल्याचा आरोप येईल. रविवारी सकाळी लावून बघा आणि डग्गा कसा बोलतो ते इथेच लिहा. तरीही गोधडी राहिली, तर मागच्या बाजूचा फोटो पाठवा, मी एकेक भोक वाचून सांगतो.