वसंतातला रविवार आणि टॉयलेटचा बोर्ड

थंडी ओसरली, झाडांना पालवी फुटली की घरातल्या कुणालातरी एकदम साक्षात्कार होतो की आपण कित्येक महिन्यांत कुठे बाहेरच पडलो नाही, आणि गंमत म्हणजे हा साक्षात्कार शहरातल्या यच्चयावत घरांना एकाच रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला होतो.

मग आमच्याकडे मीटिंग बसते. मुलीला प्राणी बघायचे असतात, मुलाला चेंडू लाथाडायला जागा हवी असते, सासूबाईंना फुलं हवीत आणि बसायला बाक, तोही पाठ टेकता येणारा, सावलीतला, पण फार सावलीतला नको, गार लागतं. नवऱ्याची अट एकच, "कुठेही चला, फक्त गर्दी नको." मोठ्या शहरात, वसंतातल्या रविवारी, गर्दी नको! मी अशा वेळी काही बोलत नाही, पाण्याच्या बाटल्या भरायला घेते.

माझं स्पष्ट मत आहे की पोरंबाळं घेऊन जायची जागा निवडताना फुलं, तलाव, कारंजी वगैरे सगळं नंतर, आधी टॉयलेट कुठे आहे ते बघावं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकर आहे. लोक हा आकडा वाचून व्वा म्हणतात, मला मात्र चार वर्षांचं पोर त्याच्या बरोब्बर मधोमध उभं राहून पाय आवळत "आई, लागलीये" म्हणताना दिसतं. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने १८५८ मध्ये त्या पार्कचा आराखडा केला तेव्हा फिरणाऱ्यांना त्रास नको म्हणून गाड्यांचे आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले, इतका पुढचा विचार. त्यांच्याबरोबर नक्की कुणाचं तरी लहान पोर असणार.

फुलांची बाग म्हणाल तर तिथे तारखेची बोंब. वॉशिंग्टनला चेरीचा बहर बघायला जगभरातून माणसं जातात, १९१२ मध्ये टोकियोकडून भेट आलेल्या झाडांपासून ते सुरू झालं, तिथे ७० टक्के फुलं उमलली की बहर ऐन भरात आला असं धरतात आणि मग एका जोरदार पावसात खेळ खलास. म्हणजे निसर्गाने आपल्या सुट्ट्या बघून फुलावं ही अपेक्षाच सोडा. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा कळ्या येतात, नाहीतर पाकळ्यांचा चिखल.

त्यात नवऱ्याला शिंका. तो प्रत्येक शिंकेनंतर समोरच्या ताटव्याकडे खुनशी नजरेने बघतो. आता त्या बिचाऱ्या रंगीत फुलांचे परागकण चिकट असतात, ते मधमाश्या वाहून नेतात, नाकात उडतात ते बर्च, ओक असल्या झाडांचे, ज्यांची फुलं कुणाच्या डोळ्यातही भरत नाहीत. मी हे त्याला दोन शिंकांच्या मधल्या वेळात समजावून सांगितलं. त्याला काही बरं वाटलं नाही.

प्राणिसंग्रहालयात जायचं तर गेट उघडताच जावं, दुपारी सगळे प्राणी आडवे. सिंह दिवसाला वीस-वीस तास झोपू शकतो, आणि आपण पोचतो ते हमखास त्यातल्या एखाद्या तासात. काचेपलीकडे एक पिवळट ढीग, त्याची शेपटी एकदा हलली, तेवढ्यावर शंभर मोबाईल वर झाले. मुलगी म्हणाली, "हा तर बाबांसारखा झोपतो."

तलावाकाठी तरी निवांत असेल म्हटलं, तर तिथे हंस. म्हणजे गूज, तो बदकाचा दांडगा भाऊ. वसंतात यांची घरटी असतात आणि आसपास कुणी फिरकलेलं त्यांना खपत नाही. एक जण मान जमिनीलगत लांब करून, फुत्कारत, थेट सासूबाईंवर चालून आला. आजूबाजूचे बापे पोरं उचलून मागे सरले. सासूबाईंनी नातवावर वापरतात तोच आवाज काढला, "हं, पुरे झालं, चल जा तिकडे." आणि तो गेला हो! जाताना एकदा वळून बघितलंन, पण गेला.

एवढ्यात चिरंजीव कुठे, तर पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली साचलेल्या चिखलात, चेंडूसकट. एवढं मोठं हिरवंगार मैदान सोडून हातभर डबक्यात पोरगा अत्यंत सुखी. कपडे बदलायला हवे होते आणि कपडे गाडीत. म्हणून सगळी वरात पार्किंगकडे निघाली, पोरगा निथळतोय, नवरा शिंकतोय. गाडी कुठे लावलीये ते नीट लक्षात आहे असं नवरा छातीठोकपणे म्हणाला, त्याने खूणच धरून ठेवली होती, गुलाबी फुलांनी गच्च भरलेल्या झाडाखाली.

पार्किंगमधली सगळीच झाडं गुलाबी फुलांनी गच्च भरली होती.