गतिरोधक दारात नको

आमच्या वाडीतून देवळाकडे उतरणारी पाणंद मध्येच डांबरी रस्त्याला आडवी येते. खरं तर रस्ताच पाणंदीला आडवा आला, कारण पाणंद आधीची. पण हे मालवणला निघालेल्या पर्यटकाला वळणावर गाठून सांगायला सवड मिळत नाही. दोन्ही अंगांना चिऱ्यांचा गडगा, वर आंब्याच्या फांद्या. समोरून येणारी गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सगळे तिथे कान टवकारून उभे राहतात. गुरं मात्र रस्त्याच्या मधोमध बसकण मारतात आणि गाड्या मुकाट थांबतात. वाडीचा पहिला गतिरोधक म्हणजे एक म्हैस. तिच्याइतका खात्रीचा दुसरा अजून निघालेला नाही.

पण म्हैस रात्री गोठ्यात असते. म्हणून देवळात सभा भरली. गतिरोधक हवा, पांढरे पट्टे हवेत, पाणंदीकडेच्या पडीक जागेतला कचरा काढून झाडं लावायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या वाडीत एकमत झालं की मला धडकीच भरते. त्यातून गावात ज्याचं अक्षर बरं त्याला सभेत बोलू देत नाहीत, लिहायला बसवतात. अर्ज माझ्या गळ्यात पडले.

पहिला अर्ज ग्रामपंचायतीला. रस्ता आमचा नाही, असं उत्तर आलं. दुसरा अर्ज ज्यांचा रस्ता होता त्यांना. त्यांचं म्हणणं, ग्रामसभेचा ठराव जोडा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. पुढे बऱ्याच चहांनंतर एक तरुण अभियंता टेप घेऊन आला आणि आमच्या गतिरोधकाविषयीच्या कल्पनाच त्याने मोडीत काढल्या. रस्त्यात आडवा चिरा पुरला की झालं, असा वाडीचा समज. तो म्हणाला, रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच लागतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तो टोचता कामा नये.

"म्हणजे टोचूचो नाय तर घालूचो कित्याक?" तात्यांनी विचारलं.

3.7 मीटर म्हणजे आमच्याकडे एका घराची अख्खी बेडी, म्हणजे गडग्यातली आत जायची वाट. इथे एकमताला तडा गेला. आबांच्या बेडीसमोर आखणी झाली, तर आबा म्हणाले, "माझ्या दारात नको. रात्री चिऱ्यांचो डंपर उडतलो नि माझी झोप मोडतली." समोरच्या काकींना गतिरोधक हवा होता, पण आबांच्या दारात. फक्त वडापावच्या खोक्यावरचा पोरगा आपल्या दारात घाला म्हणून मागे लागला. गाडी हळू झाली की माणसाला सोलकढी दिसते, हे त्याचं शास्त्र. पण खोकं पाणंदीपासून बरंच पुढे.

"पाणंद जरा सरकवली तर चलात काय?" त्याने विचारलं.

"माझ्या आज्याच्या आज्यान बघलेली पाणंद ती. खय सरकतली?" तात्या कडाडले. शेवटी खोकंच सरकलं. त्याला चाकं होती.

झाडांच्या पडीक जागेचं प्रकरण याहून रंगलं. सातबारा काढला तर सहहिस्सेदारांची नावं दोन पानांत मावेनात. निम्मे मुंबईत, काही देवाघरी, आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. चतुर्थीला चाकरमानी आले तेव्हा आरती आटोपली की मी कागद पुढे करायचो. सगळ्यांनी सह्या दिल्या, फक्त प्रत्येकाने स्वतःच्या हाताने खाली लिहिलं: जमीन आमचीच. याच कागदावर त्या घराण्याने पहिल्यांदा एकत्र सह्या केल्या असाव्यात.

मग श्रमदान. आमचा जांभा दगड जमिनीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. आमचे कार्यकर्ते नेमके उलटे, घरात टणक, उन्हात मऊ. एक खड्डा खणून झाला की पहार पुढच्याच्या हातात. खड्ड्यांत काय लावायचं यावर मात्र कुणी दमलं नाही. एकाने गुलमोहर सुचवला. त्याचं मूळ मादागास्करात, असं मी म्हटल्यावर तो मुंबईकर पाहुणा ठरून बाद झाला. सुरंगीला काकींचा पाठिंबा, सावलीला बकुळ, आणि रतांब्याला, म्हणजे कोकमाला, सगळ्यांचा. पण रतांबे लागल्यावर ते कोणाचे? त्यांचा रस काढून आगळ कोण करणार? चांगली खडाजंगी झाली. रतांब्याची बियांची रोपं साधारण निम्मी नर निघतात आणि फुलायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर नर की मादी ते कळत नाही, हे ऐकल्यावर भांडण तेवढ्या मुदतीसाठी तहकूब झालं. दापोलीच्या विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची कलमं आणली तर हा घोळच राहत नाही, असं मी सांगणार होतो. पण मिळालेली शांतता कशाला बिघडवा?

अखेर डांबराची गाडी आली. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. तात्यांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा एकत्र जमान गाऱ्हाणा घालतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आबाही होते.

"ह्या वळणार जो कोण गाडी भरधाव हाकीत, त्येका सुबुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या कामात जो कोण डांबर कमी घालीत, उंची चोरीत, त्येका तू तुझ्या परीन बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सगळ्यात मोठा आला.

रोलरवाला घाटावरचा. त्याने हळूच विचारलं, "देव कडक हाय का हो इथला?" मी नुसती मान हलवली. कंत्राटदाराने टेप मागवून घेतली आणि खुणा पुन्हा एकदा स्वतः मोजल्या.