‘बसतंय साहेब, बिनधास्त!’

रिम-टायरच्या दुकानात शिरलो की पहिलं वाक्य हेच. अहो, नट बसले म्हणजे चाक बसलं असं नसतं! माझी होंडा सिटी, पीसीडी ४×१०० (म्हणजे चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), त्यात स्प्रिंगा बदलून खाली केलेली. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणारी बाजू किती मिमीवर, ते विचारलं तर गडी रिमचा रंग दाखवतो. तेवढ्याच रुंदीच्या रिमला ईटी (ऑफसेटचा आकडा) ४५ ऐवजी ३५ आलं की चाक १० मिमी बाहेर येतं, एवढा साधा हिशेब. पण उत्तर ठरलेलं, "सगळे हेच घालतात." हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा गोल भाग, ५६.१ मिमीचा, रिमचं भोक ७३.१ चं, मग मधली फट भरणारी रिंग? "लागत नाही." आणि ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं की बॅलन्सिंगचे पैसे पुन्हा माझेच!

टायरचं तर विचारूच नका. १८५/५५ आर १६ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) च्या जागी २०५/५५ गळ्यात मारला. व्यास सरळ २२ मिमी वाढला. आता मागे तीन माणसं बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्रर्र. वाकून बघितलं तर टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद पट्टा घासून गुळगुळीत, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेचा रंगही गेलेला.

परत गेलो तर म्हणे, "मागे कोणाला बसवूच नका ना."

आईला सांगू का तसं?