हार घातलेला खराटा

दर २० डिसेंबरला नाशिकच्या आमच्या कॉलनीत गाडगेबाबांची पुण्यतिथी होते. तसबिरीपुढे कोरा खराटा आणि मातीचं गाडगं ठेवतात, दोन्हींना झेंडूचा हार. गेल्या वेळी त्यावरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला. पुतणी म्हणाली, "मी कोणाचा गुरू नाही म्हणणाऱ्या माणसाच्या खराट्याची पूजा कसली करता?" दादाचं म्हणणं, "समोर वस्तूच नसेल, तर पोरांना बाबा आठवतील कशावरून?"

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. पूर्वी पुतणीचीच बाजू घेतली असती. पण २०२३ मध्ये आखेनच्या कॅथेड्रलमध्ये गेले होते. तिथली चार जुनी वस्त्रं दर सात वर्षांनी दर्शनाला काढतात. करोनामुळे ती यात्रा दोन वर्षं लांबली होती. पेटीचं कुलूप फोडूनच ती बाहेर येतात. त्यात बाळ येशूचं मानलं जाणारं दुपटंही आहे. ते पाहताना शेजारची म्हातारी रडत होती. कापड खरं किती जुनं, हे विचारावंसं मला वाटलंच नाही. देवालाही कुणीतरी दुपट्यात गुंडाळलं होतं, एवढंच मनात आलं.

तरी बाबांचा खराटा त्या पेटीत मावणारा नाही. ज्या गाडग्यात भाकरी मागायची, तेच डोक्यावर. अंगावर चिंध्या. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांची प्रत्येक वस्तू वापरून झिजलेली होती. आपल्याला हे नवं का वाटावं? लक्ष्मीपूजनाला आई नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवसापासून तीच केरसुणी घरभर फिरायची.

इथे आमच्या इमारतीत एक पाटी दारोदार फिरते: केरवोखे. शब्दातच आपला केर ऐकू येतो! ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, मग तो डॉक्टर असो की पेन्शनर. शेजारी पाळी म्हणून झाडतात. मला मात्र झाडताना बाबा आठवतात, आणि ते तसबिरीमुळेच, हे दादाचं खरं.

म्हणून दादा, हार राहू दे. पण आधी तो खराटा गोदाघाटावर, बाबांच्या नावाच्या पुलाखाली फिरव, काड्या झिजेपर्यंत. पुतणीलाही सोबत ने. मी आले की त्या झिजलेल्या खराट्याला हात जोडीन.