असईच्या गोलंदाजाला पिवळी वाळू लावू नका

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय ते थंड व्हायचं नाही, म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. सवड असेल तरच वाचा.

रविवारी आम्ही काही जण सोसायटीच्या हॉलमध्ये वॉरगेमिंगचं, म्हणजे छोट्या शिपायांनी लढाया खेळायचं टेबल मांडतो, हे तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. आज असईची, म्हणजे 1803 सालची इंग्रज आणि शिंद्यांची लढाई मांडली होती. एक गृहस्थ मुलाला घेऊन बघायला आले. आल्याआल्या माझ्या पलटणीतला एक शिपाई उचलला, तोही संगिनीला धरून. 28 मिलिमीटरचा धातूचा शिपाई, त्याची संगीन ती केवढी! वाकलीच. मी काही बोललो नाही. विचारलं, "हे इंग्रज ना?" म्हटलं, नाही, हे दौलतराव शिंद्यांचं पायदळ. तर म्हणतात, "छे! मराठे असे कुठे असतात? मराठा म्हणजे घोडा, भाला आणि भगवा. हे लाल डगलेवाले आपले नाहीतच." आणि मुलाला म्हणाले, "चल रे, हे सगळं चुकीचं आहे."

मुलगा बिचारा मागे वळून वळून तोफा बघत गेला. त्याला थांबायचं होतं.

राग त्या गृहस्थांचा नाही. राग याचा आहे, की 1803 साली जी माणसं तोफेला चिकटून मेली, ती आपल्याला आपली वाटत नाहीत. का, तर चित्रातल्या मराठ्यासारखी दिसत नाहीत म्हणून.

महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. साव्हॉयचा हा माणूस. त्याच्या पलटणी त्याच्याच मुलखाचा पांढरा क्रूस निशाणावर घेऊन लढल्या, हे ऐकून आजच्या गृहस्थांना तर झीटच आली असती. फ्लिंटलॉक बंदूक, संगीन, हुकमावर गोळीबार, वेळेवर पगार. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या जायच्या. या कंपूंनी, म्हणजे कवायती पलटणींच्या तुकड्यांनी, 1790 मध्ये पाटण आणि मेडत्याला राजपुतांच्या फौजा मोडल्या. महादजींना कळलं होतं की नुसत्या घोड्यावर पुढचं शतक निघणार नाही. हे कळायला केवढी नजर लागते! आणि आपण त्या नजरेचं चीज काय केलं? विसरलो.

बरं, कंपूतले पुष्कळ शिपाई अवध-रोहिलखंडाकडचे होते, मराठी नव्हते. मान्य. पण शिंद्यांचं मीठ खाऊन शिंद्यांच्या तोफांपाशी मेले ना? मग ते आपले कसे नाहीत?

असईला मी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात हे गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात रण झालं, तारीख 23 सप्टेंबर. मीही मुद्दाम सप्टेंबरातच गेलो, कारण जमीन, पीक आणि उजेड कसा असतो ते मला रंगवण्यासाठी बघायचं होतं. जुईकाठी एका शेतात एक म्हातारे बाबा भेटले. खिशात मी एक गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा शिपाई घेऊन गेलो होतो, अजून न रंगवलेला, नुसता करडा प्रायमर मारलेला. बाबांनी तो तळहातावर घेतला, उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "भाऊ, ह्याच्या पायात जोडा कशाला दिला? ह्या दिवसांत काळीत पाय घातला की माती जोडा ठेवून घेती."

मित्रांनो, माझ्याकडे गणवेशांची चित्रं आहेत, नकाशे आहेत, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या पत्रांचे उतारे आहेत. त्यातल्या एकातही मला हे मिळालं नव्हतं. घरी आल्यावर तोफेच्या सगळ्या माणसांचे जोडे सुरीने तासून काढले. पाऊल ग्रीन स्टफने, म्हणजे मळून घडवायच्या पुट्टीने, नव्याने घडवलं. टाचणीच्या टोकाने बोटं पाडली, घोट्यापर्यंत गडद तपकिरी रंगाचा चिखल चढवला. एकेका पावलाला अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ दे.

आता वाळूबद्दल बोलतो, कारण हे आज ना उद्या कुणाला तरी सांगायचंच होतं. हिंदुस्थानातली लढाई म्हटली की जगभरचे हौशी लोक शिपायाच्या पायाखाली पिवळी वाळू लावतात. पिवळी! वर दोनचार वाळक्या गवताचे झुबके आणि एक ताडाचं झाड. अहो, भोकरदन आहे ते, अरबस्तान नव्हे. पावसाळा सरत आलेला, ज्वारी-बाजरी उभी, नाल्याला पाणी, बांधावर बाभळी. काळी माती, वर हिरवं. बाबांनी पायाखालची ढेकळं फोडून दाखवली होती. त्यातली मूठभर मी रुमालात बांधून आणली, आणि आज टेबलावर प्रत्येक शिपायाच्या पायाखाली त्या मातीशी ताडून जुळवलेला रंग आहे. परदेशी लोकांना हे माहीत नसतं, समजू शकतो. पण आपल्याकडची पोरंही परदेशी व्हिडिओ बघून तीच वाळू लावतात तेव्हा जीव तुटतो. गावाकडे गेलात की बांधावरची माती बघा ना!

आणि विकत मिळणारे 'मराठे' कसे असतात ते बघितलंय? उघडी पोटरी, वासलेलं तोंड, डोक्यावर धरलेली तलवार, सगळे एकमेकांना ढकलत पळतायत. माझ्याकडे आलेल्या पाकिटात सगळे असलेच होते. नियमांचं तेच. ज्या नियमावलीने आम्ही खेळतो तिच्यात या पायदळाचं मनोबल इतकं कमी धरलंय की पहिल्या फैरीला पलटण पळावी. लाज वाटते मला ते वाचून. वेलस्लीने स्वतः लढाईनंतर लिहून ठेवलंय की आपलं सोडून हिंदुस्थानात पाहिलेलं हे सर्वांत चांगलं पायदळ, आणि यांचा मारा इतका जबर होता की आपली माणसं पुढे सरकतील की नाही अशी शंका आली. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, सगळ्यांत चांगलं काय लढलात असं विचारलं तर त्याने असईचंच नाव घेतलं. शत्रू दाद देतो आणि आम्ही फाशाच्या खेळात त्यांना भित्रे ठरवतो! आम्ही आमच्या टेबलापुरता तो नियम बदललाय. कुणाला पटो न पटो.

कन्व्हर्जनबद्दल, म्हणजे तयार शिपाई कापून-जोडून बदलण्याबद्दल, दरवेळी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून थोडं सांगतो. कंपूचा शिपाई तयार मिळत नाही असं समजूनच चाला. मी कंपनी सरकारचे शिपाई घेतो आणि मुंडकं कापतो. पिन व्हाइसने, म्हणजे हाताच्या छोट्या ड्रिलने, मानेत बारीक भोक पाडायचं, पितळी तारेचा तुकडा बसवायचा, नवं डोकं त्यावर सुपरग्लूने चिकटवायचं. तार घातली नाही तर पहिल्या खेळातच डोकं गळून पडतं. मग ग्रीन स्टफ. निळी आणि पिवळी पट्टी सारखी घ्यायची, ओल्या बोटांनी एकजीव हिरवी होईपर्यंत मळायची आणि चिकटपणा जरा कमी झाला की शेवयांसारख्या वळ्या करून पागोटं बांधायचं, एकावर एक तिरपे पेच. पावसाळ्यात पुण्यात स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत धूळ बसल्यासारखा खरखरीत थर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ब्रशने मारा.

आणि हात जोडून सांगतो, सगळ्यांच्या चेहऱ्याला एकच तपकिरी फासू नका. पलटणीत गोरे, सावळे, काळे असे सगळे असतात, आपल्या घरातही असतात. मी तांबूस तपकिरीवर सुरुवात करतो, मग कुणाच्या गालाला गेरूचा हात, कुणाला जांभळट सावली, म्हाताऱ्या सुभेदाराच्या मिशीला राखाडी. सुभेदार मी मुद्दाम जास्त केलेत. युद्ध सुरू झालं तसे कंपूतले कितीतरी गोरे अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. मग त्या पलटणी कुणी सांभाळल्या? या सुभेदार-जमादारांनीच ना? त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत. असईला कंपूचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा, त्याचं नाव मिळतं.

आई म्हणते, माणसं मेली त्याचा खेळ कसला करतोस. तिचं अगदीच चूक नाही. मला उत्तर देता येत नाही. एवढंच सांगतो तिला, की मी रंगवतो तेव्हा दोन्हीकडच्या एकेका माणसाकडे बघतो. इंग्रजांच्या बाजूला मद्रासच्या पलटणी होत्या, म्हैसूरचं घोडदळ होतं, पेशव्यांकडचे मराठी स्वारही होते. तेही तितक्याच निगुतीने रंगवलेत. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून 1,584 झाले. आपल्याकडच्यांची अशी नेमकी यादी कुणी केली नाही.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठणार नाही, कारण ती मला त्या मुलाला सांगायची होती.

वेलस्लीने नदी ओलांडायचा उतार हेरून बगलेवर यायचा डाव टाकला. पोलमनच्या पायदळाने तोफांसकट अख्खी फळी त्याच्याकडे वळवली. कवायत नसलेल्या जमावाला हे जमतं का? तोफांनी इंग्रजांच्या रांगांत वाटा पाडल्या. असई गावासमोर इंग्रजांच्या 74व्या रेजिमेंटच्या चिंधड्या उडाल्या. तरी इंग्रज तोफांपर्यंत पोचले, गोलंदाजांना संगिनींनी भोसकलं आणि फळी पुढे गेली. तेव्हा तोफेखाली मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या रांगांवर मागून मारा सुरू केला. वेलस्लीला 78वी हायलँडर्स आणि घोडदळ घेऊन परत यावं लागलं, त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याच्या अंगाखालचा घोडा त्या दिवशी भाल्याने भोसकला गेला, आधी एक गोळी लागून पडला होता. शेवटी 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या.

राजे मैदानात टिकले नाहीत, हजारोंचं घोडदळ बाजूला उभं राहिलं. हेही खरं, सांगताना जीभ जड होते. पण गोलंदाज उठले. आजूबाजूला सगळे पडलेले, शत्रू पुढे गेलेला, जुईच्या बाजूला पळायची वाट मोकळी, आणि ही माणसं तोफ फिरवायला उठतात! बाबांच्या त्या मातीत अनवाणी पाय रोवून तोफेचं चाक फिरवायला किती माणसं लागत असतील, हा विचार मी प्रत्येक गोलंदाज रंगवताना करतो. माझ्या टेबलावर चाकाला खांदा लावलेले चार जण आहेत, तिघांची पावलं चिखलात रुतलेली. ते कुणाला मराठे वाटत नसतील तर मी काय करू?

पुढच्या रविवारी लासवारीची तयारी सुरू करतोय, 1 नोव्हेंबर 1803. अलवारजवळ याच कंपूंच्या उरलेल्या पलटणी त्यांचा सेनापती पेराँ याच्याशिवाय लढल्या आणि इंग्रजांच्या जनरल लेकनेही त्यांची वाखाणणी केली. पायदळ मी करतो, तोफखान्याला माणसं हवीत. ज्याला एक तोफ आणि तिची माणसं रंगवायची असतील त्याने इनबॉक्समध्ये सांगा. शिपाई, तार, ग्रीन स्टफ माझ्याकडून. ब्रश स्वतःचा आणा, शून्य नंबर चालेल. आणि आजचे ते गृहस्थ कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांच्या मुलाला जरूर पाठवा. संगीन मी सरळ केलीय.