सेवाभाव फक्त त्यांच्याकडूनच का?

आशाताई नाहीतर अंगणवाडी सेविका मोर्चा घेऊन जिल्हा परिषदेवर आल्या की नाशकात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "या कामाला सेवाभाव लागतो, पैशाचं काय घेऊन बसलात!" बोलणारे बहुधा पेन्शनवाले. सातवा वेतन आयोग घेताना यांचा सेवाभाव कुठं आड आला नव्हता.

माझी मामेबहीण सुरगाणा तालुक्यात आशा आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की हिच्या भेटी ठरलेल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, मग छातीवरचं फडकं बाजूला करून मिनिटभर श्वास मोजायचे. ६० किंवा जास्त भरले की गाडीसाठी धावाधाव. वर सासूबाईंना गोडीगुलाबीनं पटवायचं की बाळाला मध चाटवू नका. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. सगळ्या भेटी झाल्या की हातात २५० रुपये. भेटीमागे ४२ सुद्धा पडत नाहीत, आणि काळीपिवळीचं भाडं त्यातूनच.

२००५ मध्ये आशा आली ती घराघरात जिचं ऐकतात अशी गावातली बाई म्हणून. आता तिचं काम मोजतात ते बरंचसं भरलेल्या माहितीवरून. अंगणवाडीतही तेच. फोनवरचं पोषण ट्रॅकर ॲप भरा, लाभार्थ्याचा चेहरा स्कॅन करा. रेंज गेली की सेविका फोन उंच धरून अंगणात फिरते आणि पोरं मदतनीस ताईंच्या भरवशावर. नोंदी नकोत असं नाही. कुपोषित पोर कागदावरून गायब होणं मलाही नकोय. पण पोराशेजारी बसायचा वेळ त्या नोंदीनंच खाल्ला तर नोंद करायची कशाची?

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पहिली बातमी माझ्या भिंतीवर दहा जणांनी टाकली. दुसरी? एकानंही नाही.

माझं म्हणणं एवढंच: माहिती भरायला प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगळा माणूस नेमा, प्रवासखर्च वेगळा द्या, आणि सासूला समजावण्यात गेलेला तास कामाचाच धरा. ८ मार्चला शाल-श्रीफळ द्यायचं तर जरूर द्या, पण आधी थकलेला मोबदला.