‘बंदुकीला तिजोरी कशाला, लोखंडी कपाट आहे ना’ : एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्यांच्या गटांमध्ये एक सल्ला वरचेवर फिरतो. त्याचा सारांश असा : बंदुकीसाठी वेगळ्या तिजोरीवर पैसे घालवू नका, घरातलं लोखंडी कपाट पुरतं. फारच वाटलं तर पाच-सहा हजारांची डिजिटल तिजोरी घ्या. जड असली की कुणी उचलत नाही, त्यामुळे बोल्ट मारायची गरज नाही. ‘फायरप्रूफ’ लिहिलेलं बघून घ्या आणि काडतुसं, बंदुकीची दारू सगळं आतच ठेवा. पावसाळ्यात ओल शोषायला सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. चावी कुठे आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या, रानडुक्कर काय वेळ सांगून येतं?

वाचताना हे व्यवहारी वाटतं. पण यातला एकेक मुद्दा तपासला की एकही टिकत नाही, आणि दोन तर जिवावर बेतणारे आहेत.

आधी कपाट. घरातल्या साध्या लोखंडी कपाटाचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर असतो आणि तो पत्रा कापायच्या कात्रीने कापता येतो. कापायचीही गरज पडत नाही, कारण दाराच्या फटीत पहारेचं टोक घालून रेटलं की पत्रा वाकतो आणि कडीच्या सळ्या खाचेतून निसटतात. कुलूप शाबूत राहतं आणि दार उघडतं. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस ७५५८ हे मानक आहे, त्यात पत्रा किमान २ मिलिमीटर लागतो. आपल्याकडेही अंगाला २ ते ३ मिलिमीटर आणि दाराला त्याहून जाड, ही खालची पायरी धरावी. विक्रेता गेज सांगत असेल तर आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे विसरू नका. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १२ गेज म्हणजे साधारण २.६. शक्यतो मिलिमीटरमध्येच बिलावर लिहून घ्या.

जाडीइतकंच महत्त्व फटीला आहे. दार बंद केल्यावर चौकट आणि दार यांच्यात जाड नाणं शिरत असेल तर पहारही शिरेल. बिजागऱ्या बाहेर दिसतात म्हणून तिजोरी कच्ची, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. बिजागरीच्या बाजूलाही चौकटीत शिरणारे पक्के खिळे असतील तर बिजागऱ्या कापल्या तरी दार जागचं हलत नाही. दार उघडून त्या बाजूला हात फिरवा. खिळे नसतील तर ती तिजोरी घेऊ नका.

कुठलीही घरगुती तिजोरी अभेद्य नसते, तिच्याकडून आपण वेळ विकत घेतो. अमेरिकेतल्या यूएल १०३७ या मानकाची पहिली पायरी म्हणजे एका माणसाने हातहत्यारांनी ५ मिनिटं झटूनही न उघडणं. ग्राइंडरपुढे तीही फार टिकत नाही, पण ग्राइंडरचा आवाज वाडीभर जातो. कपाट मात्र आवाज न होता उघडतं.

स्वस्त डिजिटल तिजोऱ्यांचं दुखणं आकड्यांच्या पाटीत नसतं, ते आतल्या सोलेनॉइडमध्ये असतं. कोड बरोबर पडला की विजेने एक बारीक दांडी मागे ओढली जाते आणि मूठ फिरते. ही दांडी एका हलक्या स्प्रिंगवर असते. दुकानात करून बघता येईल : दार उघडंच ठेवा, कोड घालून कड्या बाहेर काढा, मग एका हाताने मूठ फिरवत ठेवून दुसऱ्या हाताची मूठ तिजोरीच्या माथ्यावर आपटा. धक्क्याने दांडी क्षणभर उडाली आणि कड्या आत गेल्या, तर तिचा कोड निरर्थक आहे. शिवाय अशा बहुतेक तिजोऱ्यांत नावाच्या पट्टीमागे किंवा पाटीखाली आणीबाणीच्या चावीचं भोक असतं, आणि ते कुलूप साध्या हत्याराने उघडण्याजोगं असतं. वापरणाऱ्याचा कोड आणि मुख्य कोड असे दोन कोड कारखान्यातून ठरीव येतात आणि माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. लोक पहिला बदलतात, दुसरा तसाच राहतो. बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी शेतकऱ्याच्या घरात तर घेऊच नये : कोयतीने घासलेली, चिखलाने भिजलेली बोटं ती ओळखत नाही. चांगलं दुहेरी पात्याच्या चावीचं यांत्रिक कुलूप कोकणातल्या दमट हवेत बॅटरीच्या कुलपापेक्षा जास्त वर्षं चालतं. आमचा कौल त्यालाच.

आकाराचं सल्ल्यात काहीच नाही, पण चूक इथेच सर्वांत जास्त होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर, खेळाडूंसारखे अपवाद सोडले तर, एका माणसाला २ पेक्षा जास्त अग्निशस्त्रं ठेवता येत नाहीत. त्यामुळे २०-२४ बंदुकांच्या परदेशी तिजोरीचा मोह नको. दुनळी बारा बोर साधारण ११० ते १२० सेंटिमीटर लांब असते, पण नळीखालचा लाकडी तुकडा काढला, बंदूक बिजागरीपाशी उघडली, की नळ्या दस्त्यापासून अलग होतात आणि सर्वांत लांब भाग ७५ सेंटिमीटरच्या आसपास उरतो. मग आतून ८० सेंटिमीटरची तिजोरी पुरते. सुटी बंदूक चोराच्या हाती लागली तरी लगेच वापरता येत नाही, हा वरचा फायदा. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीला ही सोय नाही. ती अनेकदा दीड मीटरच्या जवळ जाते, म्हणून दुकानात जाण्याआधी टेप लावून मोजा, आणि तिजोरीचं माप आतून घ्या. बाहेरच्या मापातून पत्रा, अस्तर आणि फळी यांचे ५ ते १० सेंटिमीटर वजा होतात.

‘जड आहे, कोण उचलणार?’ शंभर किलोची तिजोरी दोन माणसं, एक पहार आणि पाइपचे तीन तुकडे यांच्या जोरावर मागच्या दाराने टेम्पोपर्यंत जाते. न्यायचीही गरज नसते : आडवी पाडली की पहारेवर सगळं वजन टाकता येतं आणि उभी असताना न हललेलं दार आडवं पडल्यावर उघडतं. म्हणून बोल्ट हवेतच, ४ भोकांत ४, १० किंवा १२ मिलिमीटरचे. पण ते कशात बसणार हे बघा. जुन्या घरात शहाबादी फरशी मातीच्या किंवा वाळूच्या भरावावर बसवलेली असते. तिथे मारलेला बोल्ट फक्त फरशीला धरतो आणि एका हिसक्यात फरशीसकट वर येतो. अशा जागी ६० बाय ६० सेंटिमीटरची फरशी काढून १५ सेंटिमीटर जाडीचं सळईचं काँक्रीट ओता, त्यातच आट्यांच्या सळ्या उभ्या रोवा आणि आठवडाभर पाणी मारून मग तिजोरी बसवा. जांभ्याच्या चिऱ्याला फुगणारा अँकर बोल्ट लावू नका. चिरा सच्छिद्र असतो, बोल्ट आवळताना आतून फुटतो आणि वरून मात्र घट्ट वाटतो. जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवायची सळई) वापरा, नाहीतर आट्यांची सळई भिंतीच्या आरपार काढून पलीकडून पट्टी आणि नट लावा. फ्लॅटमध्ये स्लॅब अनेकदा १२५ मिलिमीटरचाच असतो आणि त्यात खालच्या घराच्या पंख्याच्या वायरचे पाइप असतात. तिथे भोक ६० मिलिमीटरपुरतं ठेवा आणि उरलेली पकड भिंतीला घ्या. भोकातली धूळ फुंकून काढायला विसरू नका, धुळीत कुठलाच अँकर धरत नाही. जागा निवडताना कोपरा घ्या आणि दार उघडण्याची बाजू भिंतीशी येऊ द्या, म्हणजे पहार फिरवायला जागाच उरत नाही.

आता ‘फायरप्रूफ, आणि सगळं आतच’. हा भाग नीट वाचा.

‘६० मिनिटं’ या शब्दांना एकट्याने अर्थ नाही. बाहेर किती तापमान आणि आत किती, हे दोन आकडे विचारा. कागदांसाठीच्या यूएल ७२ चाचणीत आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावं लागतं. आपल्याकडे तिजोऱ्यांचं मानक आयएस ५५० आहे, त्यात फोडण्याची चाचणी वेगळी आणि आगीची वेगळी. एकीत पास झालेली दुसरीत पास असतेच असं नाही. आगीपासूनचं अस्तर बहुधा जिप्समचं असतं, आणि जिप्सममध्ये वजनाच्या एक पंचमांश पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि उष्णता खातं. कागद त्यामुळे वाचतात, पण वाफेत सापडलेली नळी गंजते, म्हणून आगीनंतर बंदूक लगेच बाहेर काढून तेल लावावं लागतं.

कारखान्यात बनलेलं काडतूस नळीबाहेर तापलं तर फुटतं, पण त्याचा जोर थोडा असतो, पोलादी पत्रा तो भेदत नाही. भरलेली बंदूक मात्र आगीत नेहमीच्याच जोराने सुटते. म्हणून तिजोरीत जाणारी प्रत्येक बंदूक आधी उघडून, दोन्ही घरांत बोट घालून रिकामी आहे ना ते बघायचं. काडतुसं आतल्याच पण वेगळ्या चावीच्या खणात ठेवायची.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू हा वेगळाच प्रकार आहे. ती पोलादी तिजोरीत कधीही ठेवू नका. काळी दारू कोंडलेल्या जागेत पेटली की वायूला वाट मिळत नाही, दाब चढत जातो आणि मजबूत तिजोरी हाच बॉम्ब होतो. तिजोरी जितकी पक्की तितका स्फोट वाईट. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतलीच दारू, तिच्या मूळ डब्यात, इंचभर जाडीच्या फळ्यांच्या कुलूपबंद लाकडी पेटीत ठेवा : लाकूड लवकर सुटतं, दाब साचत नाही. पेटी चुलीपासून, गॅसपासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर हवी. केपा (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) तिसऱ्याच जागी, दारूच्या पेटीत नकोत.

सिलिका जेलच्या दोन पुड्यांचा हिशेब सोपा आहे. ४० बाय ३५ बाय १४० सेंटिमीटरची तिजोरी म्हणजे जवळपास २०० लिटर. पावसाळ्यातल्या ३० अंशांच्या, ९० टक्के दमट हवेत एवढ्या जागेत पाच-साडेपाच ग्रॅम पाणी असतं. ते ५० टक्क्यांवर आणायला सव्वादोन-अडीच ग्रॅम पाणी शोषावं लागतं. बुटाच्या खोक्यातली पुडी १-२ ग्रॅमची, ती आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढंही जेमतेम घेते. दार एकदा उघडलं की सगळं पुन्हा भरतं. अर्धा किलो जेल कापडी पिशवीत ठेवा आणि कोरडी असताना वजन लिहून ठेवा. वजन १०० ग्रॅमने वाढलं की १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा, स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र नको. बंदूक खोळीत घालून तिजोरीत ठेवू नका. कातडं आणि लोकर ओल धरतात आणि नळीवर खोळीच्या शिवणीच्या रेषेतच गंज उमटतो. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून उघडीच उभी करा, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघा.

राहिली चावी. ‘सगळ्यांना माहीत’ हा या सल्ल्यातला सर्वांत घातक शब्दप्रयोग. परवाना एका माणसाचा असतो. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याच्या ताब्यात बंदूक जाणं हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना. देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, गादीखाली लपवलेली चावी घरातल्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते, हे कुठल्याही आईला विचारा. आणि तिजोरी फक्त चोरासाठी नसते. भांडणात, दारूच्या नशेत, कर्जाने खचलेल्या रात्री हात बंदुकीकडे जाऊ नये, मध्ये काही मिनिटांचं अंतर पडावं, यासाठीही ती असते. चावी परवानाधारकाच्या अंगावर राहावी. दुसरी चावी एका छोट्या कोडच्या पेटीत, तिजोरीपासून वेगळ्या खोलीत असावी.

घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल किंवा परवानाधारक महिनोन्महिने मुंबईला जाणार असेल, तर बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतात का ते आधी विचारून घ्या. जमा करताना शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या, आणि पावतीची एक प्रत परवान्याच्या पुस्तकात ठेवा. परवानाधारकाचं निधन झालं तर वारसांनीही हेच करायचं : बंदूक तिजोरीत पडू देणं म्हणजे विनापरवाना बाळगणं, तिला हात लावलेला असो वा नसो.